खळीखालचे आकडे

मी इरा आणि कौस्तुभला तुमच्याविषयी एक गोष्ट चुकीची सांगितली. ती चुकीची होती हे मला तुम्ही गेल्यावर सोळाव्या दिवशी कळलं. आज बाविसावा दिवस आहे. हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण ऐकणार नातवंडं. आपला अभय तिकडे कॅनडात मुलांना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यांनी स्वतः वाचलं असतं, आणि जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या मलाही ते सोपं गेलं असतं. पण बावन्न वर्षांत तुमच्याशी मी इंग्रजीत एक वाक्य बोलले नाही. आता कशी बोलू?

घर सध्या अगदी माझ्या मनासारखं आहे. वर्तमानपत्राच्या घड्या मोडत नाहीत. टॉवेल दोरीवर सरळ असतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी नावं चिकटवली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मीठ कुठं राह्यते हे मले माहीत होतं. तू नाव लिहिलं तवापासून सापडत नाही." आता ते रोज पहिल्याच हाताला सापडतं. स्वयंपाक इतका थोडा असतो की चिमूट घालायची की अर्धी, याचाच विचार करावा लागतो.

मुलांना आधी तुमचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुम्ही कॉलेजातून तीन वर्षांची अभ्यासरजा घेऊन दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत प्रबंध करायला गेलात. अभय तेव्हा सहावीत होता. पहिल्या दिवाळीला घरी आलात तेव्हा मी विचारलं, तिथं नेमकं करता काय? तुम्ही म्हणालात, "हवेले आधी निरोप पाठवतो." मला वाटलं थट्टा करता आहात. तुम्ही पिशवी उचलली आणि मला इतवारा बाजारात घेऊन गेलात.

संत्र्यांचा एक हातगाडीवाला गर्दीतून येत होता. "चला, बाजू, बाजू" असं ओरडत होता आणि माणसं सरकत होती.

"पाह्य," तुम्ही म्हणालात. "हा ओरडला, लोकाइनं ऐकलं, वाट झाली. साध्या विमानाचंही असंच राह्यते. त्याचा आवाज पुढं जाते अन् हवा आपली आधीच बाजूले होते. पण हातगाडी आवाजापेक्षा जोरात पळाली तं?"

"तर ओरडणं ऐकू यायच्या आत ती अंगावर येईल."

"मंग काय होईन?"

"मारामारी होईल."

"बस. त्या मारामारीले आमी शॉक वेव्ह म्हंतो. नाकापुढं हवेची भिंत तयार होते. ते भिंत ढकलत ढकलत जा लागते, त्यातच सगळी ताकद जाते."

मग तुम्ही लेसरचं सांगितलंत. उजेड आवाजापेक्षा कितीतरी जोरात धावतो, म्हणून निरोप त्याच्याच हाती द्यायचा. विमानाच्या नाकाच्या पुढे चार बोटांवर लेसरनं एक ठिणगी पाडायची. तिथली हवा तापते, विरळ होते, तिचा बुडबुडा होतो. तो बुडबुडा भिंतीला भिडला की भिंत पुढे फुगते, ढिली पडते, आणि तेवढ्यापुरता नाकावरचा दाब उतरतो. हे सगळं डोळा लवतो त्याच्या हजाराव्या हिश्श्यात होऊन जातं.

मी बाजारातच विचारलं, "म्हणजे दिवा जाळून तेल वाचवायचं? ठिणगीला लागतं ते जास्त, की वाचतं ते जास्त?"

तुम्ही संत्री निवडता निवडता थांबलात. "बाई," तुम्ही म्हणालात, "हाच सवाल आहे. याच्याचसाठी गेलो मी तिकडं." तुम्ही मला बायकोपेक्षा बाईच जास्त म्हणायचात, शाळेतल्या मुलींसारखं. त्या दिवशी मात्र तो शब्द मला पदवीसारखा वाटला. परत येताना तुम्ही सगळी संत्री एकट्यानं उचललीत आणि रस्ताभर बोलत राहिलात. तुमच्या कामात मी कुठे असेन, तर त्या एका प्रश्नात होते.

तीन वर्षांनी तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्याबरोबर एक जाड वही आणि बुटांचं एक खोकं होतं. खोक्यात एकशे बारा फोटो होते. काढल्या काढल्या छापून बाहेर पडणारे, निगेटिव्ह नसलेले. प्रत्येकात राखाडी हवा, अंगठ्यासारखं एक काळं बोथट नाक, आणि नाकापुढे धनुष्यासारखी एक रेघ. हवेचीही सावली पडते हे मला तोवर माहीत नव्हतं. संस्थेतल्या चाचणीच्या बोगद्यातून त्या नमुन्याच्या नाकावर जोरात हवा सोडायच्या एका फेरीत एक ठिणगी आणि एकच फोटो, असं तुम्ही सांगितलं होतंत. पुढच्या फेरीत ठिणगी आणि फोटो यांच्यातला वेळ किंचित वाढवायचा, की त्याच्यापुढचा क्षण मिळायचा. असे एकशे बारा क्षण तुम्ही तीन वर्षांत गोळा केले होते. आता फक्त घरी बसून लिहायचं राहिलं होतं.

तुम्ही लिहायला बसलात आणि अकोल्याला सासूबाई पडल्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तुम्ही तीन आठवडे तिकडे राहिलात. मला दिवाळीची सुट्टी होती. ते खोकं टेबलावर उघडंच पडलेलं होतं, आणि मला उघडी खोकी पाहवत नाहीत.

मुलांनो, हे नीट ऐका. मी मैद्याची खळ केली. शाळेचे तक्ते चिकटवायला करते तशी, मंद आचेवर, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. काळ्या कागदांचा एक जाड अल्बम आणला. फोटो जमिनीवर मांडले आणि त्यांचा क्रम लावला. रेघ नाकाच्या अगदी जवळ असलेला पहिला, सगळ्यात पुढे फुगलेला शेवटचा. चंद्राच्या कला लावाव्यात तसे. फार छान दिसत होते. पाठीमागे पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं होतं. मी ते पाहिलं होतं. पाहिलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. पण पाठ म्हणजे खळ लावायची बाजू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चार दिवस लागले. शेवटी पांढऱ्या शाईनं प्रत्येक पानावर मी वळणदार आकडे घातले, एक ते एकशे बारा.

तुम्ही अकोल्याहून आलात तेव्हा बसच्या धुळीनं भरलेले होतात. हातपाय धुवायच्या आतच मी अल्बम पुढे केला. तुम्ही उभ्याउभ्या पहिलं पान उघडलंत, मग खुर्चीवर बसलात, आणि एकेक करत सगळी पानं उलटलीत. बराच वेळ लागला. अभय तुमच्या खांद्यावरून पाहत होता.

"लय सुंदर लावलं, बाई," तुम्ही म्हणालात. मग अल्बम मिटून त्यावर हात ठेवून म्हणालात, "आता यातले जाणारे कोणते अन् येणारे कोणते, ते हवाच सांगो."

मी हसले. मला ते तुमचं नेहमीचं बोलणं वाटलं. तुम्ही चहा मागितलात. मला थोडं वाईटही वाटलं होतं, की चार दिवसांच्या मेहनतीचं कौतुक एका वाक्यात संपलं.

त्यानंतर प्रबंध झाला नाही. सुरुवातीला तुम्ही वही घेऊन बसायचात. मग नुसतंच बसायचात. पुन्हा बोगद्यावर जायला रजा शिल्लक नव्हती, आणि तो लेसरही दुसऱ्यांकडून मागून आणलेला होता, तो परत गेला होता. संस्थेकडून दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. मी विचारायची, तुम्ही "पाहू" म्हणायचात. मी चिडायची. माझ्या माहेरी वकिलांच्या घरात हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं ही चोरीच्या खालोखालची गोष्ट होती. अकोल्याच्या पुतणीच्या लग्नात कुणीतरी तुम्हाला "या, डॉक्टरसाहेब" म्हणालं, तेव्हा भरल्या मांडवात मी बोलले, "डॉक्टर नाहीत हो. आळस आडवा आला."

लोक हसले. तुम्हीही हसलात. "हाव," तुम्ही म्हणालात, "पण आळस घरचा आहे, सासरहून आणला नाही."

गेल्या वर्षी इरानं फोनच्या पडद्यावरून विचारलं, बाबा डॉक्टरेट, आई डॉक्टरेट, मग आजोबाच का नाहीत? तुम्ही माझ्यामागे पलंगावर बसून शेंगा सोलत होतात. मी तिला सांगितलं, "तुझ्या आजोबांचं सगळं काम झालं होतं. फक्त लिहायचा आळस केला." आणि तुम्ही मागून हात हलवून म्हणालात, "आजी बरोबर सांगून राहिली, बेटा."

हेच ते चुकीचं सांगणं. तुम्ही त्याला दुजोरा दिलात, त्यामुळे मुलांच्या मनात ते पक्कं झालं असणार.

सोळाव्या दिवशी वानखडे आला. तुमचा विद्यार्थी, आता तुमच्याच कॉलेजात शिकवतो, त्याचेही केस पांढरे झालेत. तुमची पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची होती म्हणून मी त्याला बोलावलं होतं. पुस्तकांच्या गठ्ठ्यात अल्बम होता. तो उघडून वानखडे तुमच्याच खुर्चीत बसला.

"काकू, हे तं सोनं आहे. सरांनी कधी दाखवलं नाही आमाले."

"मी लावलाय तो."

"हाव, अक्षरावरूनच समजते." त्यानं चार पानं उलटली, मग एका फोटोच्या कडेला हळूच नख लावून पाहिलं. "मांगं वेळ लिहिली असन ना? सर आमच्यावर एकाच गोष्टीसाठी ओरडायचे. फोटो निघाला की पहिले मांगं फेरीचा नंबर अन् वेळ लिहा. ते नसन तं फोटो नाही, चित्र आहे म्हणत."

"मागे पेन्सिलीनं काहीतरी होतं," मी म्हटलं. "मी त्यावरच खळ लावली."

"पण वहीत असन..."

वही तिथेच होती. त्यानं पाहिली. वहीत प्रत्येक फेरीचा नंबर होता, वेळ होती, दाब होता. फक्त कोणता फोटो कोणत्या फेरीचा, हे वहीत नव्हतं. ते फोटोच्या पाठीवर होतं.

वानखडेनं वही मिटून अल्बमशेजारी ठेवली. मीच त्याला विचारलं, मी लावलेला क्रम चालणार नाही का?

"काकू, ते रेघ पुढं फुगते अन् मंग परत जागेवर येते. जाताना जशी दिसते तशीच येतानाही दिसते. तुमी दिसण्यावरून लावले, म्हणजे जाणारे अन् येणारे एकात एक मिसळले. ढिलाई किती वेळ टिकली ते यावरून नाही काढता येत."

"आणि ते काढल्याशिवाय ठिणगीला लागतं ते जास्त की वाचतं ते जास्त, हे सांगता येत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सरांनी तुमाले सांगितलं होतं हे?"

"मीच त्यांना विचारलं होतं," मी म्हटलं.

त्यानं चहा संपवला. जाताना दारात म्हणाला, "मनाले लावून नका घेऊ. आता एका सेकंदात लाखो फोटो काढणारे कॅमेरे आहेत, एकाच फेरीत जाणं येणं सगळं दिसते. बोथट नाक असन अन् ठिणगी बरोबर वेळेवर पडली तं खर्चापेक्षा जास्त वाचते, हे लोकाइनं काढलं आहे. विमानावर मात्र कोणी बसवलं नाही अजून."

"म्हणजे या फोटोंची आता कुणाला गरज नाही."

"तसं नाही काकू..."

"खरं सांग."

"नाही," तो म्हणाला. पुस्तकं तो घेऊन गेला. अल्बम मी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो उन्हाच्या बाजूला घेऊन बसले आणि प्रत्येक फोटो तपासला. चौऱ्याण्णव क्रमांकाचा फोटो माझा नव्हता. म्हणजे फोटो तोच, पण तो मी चिकटवलेला नव्हता. कडा ब्लेडनं कापलेली, एक कोपरा फाटून परत जुळवलेला, आणि खाली खळीऐवजी दुकानातला पिवळा पडलेला डिंक. हाताला तो लगेच सुटून आला. त्याची पाठ खरवडून निघाली होती. एक अर्धा आकडा राहिला होता, तीन असेल किंवा आठ.

मग मला कळलं. मी शाळेत गेल्यावर कधीतरी तुम्ही ब्लेड घेऊन बसला होतात. एक सोडवायला गेलात, तो फाटला, आकडाही गेला. तेव्हा तुम्ही तो जसा होता तसा परत चिकटवलात, मला दिसू नये इतक्या बेतानं. तुमच्या हातून सरळ चिकटवलेली दुसरी कुठलीही वस्तू या घरात नाही.

मी तुमच्यावर फार रागावले. राग अजून आहे. तीस वर्षं मी तुम्हाला आळशी म्हटलं आणि तुम्ही म्हणू दिलंत. भावाच्या मांडवात, सुनेसमोर, नातवंडांसमोर. तुम्ही मला वाचवत होतात हे कळतं मला. इतकं कुणी कुणाला वाचवत नाही, तेही कळतं. या आठवड्यात मी देवापुढे बसून तुमचे आभार मानले आणि उठल्यावर पुन्हा तुमच्याशी भांडले. कारण तुम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती या घरात फक्त मला माहीत होती.

मैद्याची खळ सुटते. ब्लेडनं सुटत नाही, ओढून तर नाहीच. काळ्या कागदाच्या मागून ओलं फडकं ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं काही करायचं नाही, आणि मग एका कडेनं बोट सरकवायचं. आख्खं चित्र हातात येतं. दर जूनमध्ये मी शाळेचे जुने तक्ते असेच सोडवत असे, पुठ्ठा पुन्हा वापरता यावा म्हणून. आणि पेन्सिल पाण्यानं जात नाही. तुम्ही त्या संध्याकाळी चहा मागायच्या ऐवजी ओरडला असतात, तर मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी फडकं भिजवून बसले असते. आठवड्याभरात तुमचे एकशे बारा क्षण परत जागेवर लागले असते.

हवेचं प्रवचन करू नको, असं तुम्ही मला एकदा बजावलं होतं, मी शाळेत तुमच्या लेसरवर मुलींना बोधपर काही सांगितलं तेव्हा. म्हणून आधी निरोप पाठवण्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

इरा, कौस्तुभ, तुमच्या आजोबांनी आळस केला नाही. त्यांचं काम मी मोडलं. मुद्दाम मोडलं नाही, पण दिसत असताना मोडलं. ते त्यांनी मला कळू दिलं नाही, ही त्यांची चूक, आणि मी कधी नीट विचारलं नाही, ही माझी. मी दर वेळी "का झालं नाही" असं विचारलं, तेही कारण आधीच ठरवून. परीक्षेत एखाद्या मुलीनं असा प्रश्न लिहिला असता तर मी तिचे गुण कापले असते. तुमच्या मैत्रिणींना, मित्रांना आजोबांविषयी सांगाल तेव्हा हे असं सांगा. माझं नाव घालून सांगा.

काल मी पहिला फोटो सोडवला. भीती वाटत होती, हात पूर्वीसारखा स्थिर नाही. पण खळीनं माझं ऐकलं. पाठीवर तुमचं अक्षर होतं, तिरकं, घाईतलं, काल लिहिल्यासारखं. फेरी एकेचाळीस, तीस मायक्रोसेकंद. वहीत पाहिलं, एकेचाळिसाव्या फेरीपुढे तीसच होतं. माझ्या अल्बमात तो पहिला होता.

आज दुपारी आणखी तीन झाले. घाई नाही. दिवसाला तीन-चार झाले तर महिन्याभरात सगळे होतील, तो एक फाटलेला सोडून. कुणाला नको आहेत हे ठाऊक आहे मला. अडचण एवढीच आहे की हे दोघांचं काम आहे. ओला फोटो दोन्ही हातांनी धरून एकानं आकडा वाचायचा, आणि समोर वही घेऊन बसलेल्यानं तो लगेच लिहून घ्यायचा. मी आकडा मोठ्यानं वाचते. मग फोटो फडक्यावर ठेवते, हात पुसते, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसते आणि लिहिते.